काचीगुड्याच्या मराठी घरांतला भूतकाळ

काचीगुडा हा हैदराबादमधला मुसी नदीच्या उत्तरेकडचा जुना मोहल्ला. चादरघाट, कोठी, सुलतान बाजार, बडी चावडी, बरकतपुरा हे त्याचे शेजारी. निंबोलीअड्डा, चप्पल बाजार, कुतबीगुडा या त्याच्या पोटातल्या वस्त्या. मोहल्ल्याचे नाव काची लोकांवरून पडले असे सांगतात. काची मूळचे बुंदेलखंडाकडचे, भाजीपाला पिकवणारे. ज्यांच्या नावाने जागा ओळखली जाते तेच मुळात परगावाहून आलेले, आणि पुढे तेलुगू, मारवाडी, कानडी, उर्दू बोलणाऱ्या कुटुंबांबरोबर मराठी कुटुंबेही इथे येऊन राहिली. या मराठी घरांत मुलांना घराण्याची, गावाची आणि त्यांच्या स्वतःच्या बाळपणाची हकीकत सांगण्याची रीत होती. रीत म्हणण्याइतकी ती कुणी ठरवून पाळत नसे. जेवणानंतर अंगणात, गच्चीवर, उकाड्याच्या रात्री पाणी शिंपडलेल्या फरशीवर आजी किंवा आत्या बोलू लागे आणि मुले ऐकत.

अशा सांगण्यातून मुलाची आठवण आणि भाषा दोन्ही घडतात, हे मानसशास्त्राने गेल्या चार दशकांत बऱ्याच तपशिलाने दाखवले आहे. काचीगुड्यात या रीतीवर आणखी एक काम येऊन पडले. शाळेची भाषा एक, कचेरीची दुसरी, बाजाराची तिसरी, अशा गावात मराठीचा भूतकाळ फक्त घरातच राहू शकत होता. इथे भूतकाळ हा शब्द इतिहासाच्या अर्थाने घ्यावा आणि व्याकरणाच्याही.

मराठी माणूस हैदराबादेत मुळात रेल्वेबरोबर आला नाही. आसफजाही दरबारात हिशेबाची, महसुलाची कामे सांभाळणारी देशस्थ घराणी अठराव्या शतकापासून होती. राय रायान घराण्याचे नाव त्यांत ठळक. ही घराणी शहराच्या जुन्या भागात, शाहअलीबंड्याच्या बाजूला राहत. काचीगुड्याकडे मराठी वस्ती वाढली ती पुढे. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी मनमाड ते सिकंदराबाद ही हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे मीटरगेजवर सुरू झाली. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही गावे राजधानीला लोहमार्गाने जोडली गेली. १९१६ साली काचीगुड्याचे स्टेशन उभे राहिले. घुमट, कमानी आणि बुरुजांची ती इमारत आजही वापरात आहे. स्टेशनाजवळ घर घेणे म्हणजे गावाजवळ घर घेणे, हा हिशेब परगावाहून आलेल्या माणसाला कुणी समजावून सांगावा लागत नाही. वकिली, मास्तरकी, महसूल आणि रेल्वे खात्यातली नोकरी, शिक्षण यासाठी मराठवाड्याच्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे सुलतान बाजार, इसामिया बाजार, गौलीगुडा, काचीगुडा या पट्ट्यात स्थिरावली.

मराठीच्या संस्थाही याच पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास निघाल्या. विवेकवर्धिनी शाळा १९०७ मध्ये सुरू झाली. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक हे तिच्या उभारणीतले प्रमुख, आणि त्या काळात हैदराबादेत चित्रकार म्हणून राहणारे श्रीपाद दामोदर सातवळेकरही त्यात होते. मराठी ग्रंथ संग्रहालय १९२२ चे. १९३१ मध्ये ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले. एवढे असूनही मराठी ही राज्याची भाषा नव्हती. हैदराबाद संस्थानाचे सोळा जिल्हे होते: आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. लोकसंख्येचा सुमारे चौथा हिस्सा मराठी बोलणारा; पण कचेरी, न्यायालय आणि वरचे शिक्षण उर्दूत. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. मराठी घरातला मुलगा गणित उर्दूत शिके, अर्ज उर्दूत लिही, आणि घरी येऊन पाढे मराठीत म्हणे.

अशा मुलाची आठवण कोणत्या भाषेत साठत असेल? द्विभाषिकांवरच्या संशोधनाने याचे थोडे उत्तर दिले आहे. व्हिओरिका मारियन आणि उल्रिक नाईसर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रशियन आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या लोकांना रशियनमध्ये प्रश्न विचारला की रशियन बोलण्यातले प्रसंग अधिक आठवत आणि इंग्रजीत विचारला की इंग्रजीतले. घटना ज्या भाषेत घडली ती भाषा आठवणीला चिकटून राहते. हैदराबादच्या जुन्या मराठी माणसांचे बोलणे ज्यांनी ऐकले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. हकीकत मराठीत चाललेली असते, आणि तहसीलदाराचे वाक्य आले की ते उर्दूतच येते, टांगेवाल्याचे दखनीत, भाजीवालीचे तेलुगूत. ते वाक्य मराठीत करून सांगितले तर ऐकणाऱ्यालाही ते खोटे वाटते. मुलाला एकाच गोष्टीत चार भाषा मिळत, आणि त्यांतली कोणती कुणाशी बोलायची हे त्याला निराळे शिकवावे लागत नसे.

आता रीतीकडे. मराठी घरात मुलांना ऐकवल्या जाणाऱ्या गोष्टींचे दोन प्रकार नेहमीच वेगळे राहिले आहेत. एक कहाणी: श्रावणात वारावाराने, जिवतीच्या पूजेला, हातात अक्षता घेऊन ऐकायची, आटपाट नगरापासून सुरू होणारी. तिचा शब्द ठरलेला, तिची लय ठरलेली, आणि ऐकणाऱ्याचे काम मध्येमध्ये हुंकार देण्याचे. दुसरा प्रकार घरच्या आठवणीचा. तिला ठरलेला पाठ नाही. ती दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून सुरू होते, सांगणाऱ्याला मध्येच कुणीतरी दुरुस्त करते, आणि ऐकणाऱ्याने नुसता हुंकार देऊन भागत नाही. त्याने विचारायचे असते: मग? कुणी सांगितलं? तेव्हा मी कुठं होतो?

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला कालची गोष्ट आठवते, पण ती तुकड्यातुकड्यांनी. कोण आधी आले, कोण नंतर, आपण का रडलो, हे जोडायला त्याला मोठ्या माणसाची मदत लागते. अमेरिकेत एलेन रीस, कॅथरीन हेडन आणि रॉबिन फायवुश यांनी काही आया आणि त्यांची मुले यांचे बोलणे, मूल सव्वातीन वर्षांचे असल्यापासून ते सहाच्या घरात जाईपर्यंत, वेळोवेळी नोंदवले. १९९३ साली त्यांनी जे मांडले त्याचा गाभा असा की झालेल्या गोष्टीबद्दल मुलाशी बोलण्याच्या आयांच्या दोन तऱ्हा असतात. एक आई तपशील भरत जाते: आपण नदीवर गेलो होतो ना, तिथे एक म्हातारे बाबा बसले होते, त्यांच्या हातात काय होतं? मुलाला सांगता आले नाही तर ती नवा धागा देते. दुसरी आई एकच प्रश्न पुन्हा विचारते, जणू तोंडी परीक्षा: कुठे गेलो होतो? सांग, कुठे? पहिल्या तऱ्हेच्या आयांची मुले पुढे स्वतःच्या आठवणी अधिक भरून सांगू लागली. आईची आधीची तऱ्हा मुलाच्या नंतरच्या सांगण्यात उतरलेली दिसली.

हीच तऱ्हा शिकवता येते का, हे कॅनडात कॅरोल पीटरसन आणि तिच्या सहकाऱ्यांनी पाहिले. अडचणीत राहणाऱ्या वीस कुटुंबांपैकी निम्म्या आयांना त्यांनी वर्षभर असे बोलण्याची सवय लावली. वर्ष संपताना त्या मुलांचा शब्दसंग्रह वाढलेला होता. गोष्ट नीट लावून सांगण्यातला फरक मात्र आणखी वर्षभराने दिसला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास लहान आहे, पण त्यातला क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. शब्द आधी येतात. ते ओवण्याचे कसब मागाहून येते.

ज्या समाजांत आठवण सांगण्याला मान आहे तिथे माणसाची पहिली आठवणही लवकरची असते. न्यूझीलंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रौढांना त्यांची सर्वांत जुनी आठवण विचारली. युरोपीय वंशाच्या लोकांची सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपास आली, माओरी लोकांची पावणेतीनच्या. माओरी समाजात वंशावळ तोंडपाठ सांगण्याची परंपरा आहे, आणि माओरी आया मुलाला त्याच्या जन्माची हकीकत अधिक सविस्तर सांगतात असे नंतरच्या एका अभ्यासात आढळले. मराठी घरात हेच काम बारशाच्या आठवणीने होते. नाव कुणी सुचवले, कोणत्या आत्याने कानात सांगितले, त्या दिवशी पाऊस होता की ऊन, पाळण्याखाली कोण झोपले होते. मुलाला यातले काहीच आठवणे शक्य नाही, तरी ही हकीकत ते पुनःपुन्हा मागते. स्वतःचा उल्लेख असलेली ती पहिली गोष्ट असते.

मराठी घराण्याची स्मृती लिहून ठेवण्याची एक निराळी सोयही होती. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण इथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत पिढ्यांची नावे आहेत. श्राद्धात बाप, आजा, पणजा अशी तीन नावे घेतली जातात. ही सगळी पुरुषांची साखळी. आज्यांच्या गोष्टींत दुसरीच साखळी असते: आईचे माहेर, आजीचे माहेर, कुणाची बाळंतपणे कुठे झाली, कोणत्या मावशीने कुणाला सांभाळले. काचीगुड्यातल्या मुलाला वडिलांचे मूळ गाव नामावळीतून कळले असेल, पण आजोळ आजीच्या तोंडूनच कळले. दोन्ही साखळ्या एकत्र ठेवल्याशिवाय घराचा इतिहास पुरा होत नाही, आणि इतिहासाच्या पुस्तकांनी बराच काळ पहिलीच साखळी धरून काम भागवले.

भाषेच्या दृष्टीने या बोलण्याने मुलाला नेमके काय दिले, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. रोजच्या कामात मोठी माणसे मुलांशी बोलतात ती मुख्यतः आज्ञार्थात: ऊठ, जेव, बूट घाल, पसारा आवर. या वाक्यांत क्रियापदाचे रूप साधे आणि नामाच्या लिंगाशी संबंध थोडा. भूतकाळात शिरले की मराठी कडक होते. गाडी आली, डबा आला, इंजिन आले. आजोबांनी तिकीट काढले, आजोबांनी चादर काढली, आजोबांनी डबा काढला. काढणारा तोच, पण क्रियापद प्रत्येक वेळी कर्माकडे पाहून रूप बदलते. ज्याला वस्तूचे लिंग माहीत नाही त्याला ही वाक्ये जमत नाहीत. शेजारच्या तेलुगूत हा प्रकार नाही; तिथे क्रियापद कर्त्याकडे पाहते, आणि निर्जीव वस्तूंना मराठीसारखी तीन लिंगे नाहीत. दखनीतही ‘ने’चा वापर सैल, बहुधा गळालेलाच. म्हणजे काचीगुड्याच्या गल्लीत खेळणाऱ्या मुलाला मराठी भूतकाळाचा हा नियम गल्लीत सापडत नव्हता. तो सापडे तो झालेल्या गोष्टी ऐकताना. हैदराबादच्या मराठीला नावे ठेवणारे पुण्या-मुंबईचे पाहुणे लिंगाच्या चुकांवरच बोट ठेवत. चुका कुठून येतात याचा विचार मात्र ते क्वचितच करत.

दुसरी गोष्ट रीतिभूतकाळाची. गाडी पहाटे येई, आजोबा सामान घेऊन उतरत, फाटकाशी टांगा उभा असे. बोलताना हेच ‘यायची’, ‘उतरायचे’, ‘असायचा’ असे होते. एकदाच घडलेली गोष्ट आणि वारंवार घडत आलेली गोष्ट यांतला भेद मराठी क्रियापदाच्या रूपातच दाखवते. आज्ञार्थात, वर्तमानात, उद्याच्या बेतात या रूपाला जागा नाही. ते फक्त आठवणीत येते. ज्या घरात कुणी आठवणी सांगत नाही त्या घरातल्या मुलाला हे रूप पुस्तकात भेटेपर्यंत भेटत नाही, आणि पुस्तक दुसऱ्या भाषेचे असेल तर कधीच भेटत नाही.

तिसरी गोष्ट ‘म्हणे’ या शब्दाची. मुसीला पूर आला तेव्हा पाणी चादरघाटाच्या पुलावरून गेले, म्हणे. या एका शब्दाने सांगणारी कबूल करते की हे तिने पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. आपण पाहिले ते वेगळे, आईने पाहिले ते वेगळे, आजीने तिच्या सासूकडून ऐकले ते आणखी वेगळे, ही पायरी मुलाला ‘म्हणे’ने दाखवली जाते. पुराव्याचा विचार मुलाला इतक्या लवकर आणि इतक्या स्वस्तात दुसरे काही शिकवत नाही.

उलट दिशेने, मराठीनेही गल्लीला काही दिले आहे. दखनीतला जोर देणारा ‘च’ आणि ‘नक्को’ हे मराठीचेच देणे. ‘मैंइच बोला’ असे म्हणणारा काचीगुड्याचा पानवाला त्या वाक्यात मराठीचा एक कण वापरत असतो.

सांगितल्या जाणाऱ्या हकीकतींत काही सगळ्या मोहल्ल्याच्या सामाईक होत्या. २८ सप्टेंबर १९०८ चा मुसीचा पूर ही त्यांतली पहिली. सुमारे पंधरा हजार माणसे गेली असा अंदाज आहे. नदीकाठच्या वस्त्या वाहून गेल्या. अफझलगंजला, पुढच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात, एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली. ते झाड आजही दाखवले जाते. पुरानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावले गेले. त्यांच्या योजनेतून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव झाले. काचीगुडा नदीपासून फार लांब नाही, त्यामुळे पूर हा तिथल्या घरांत कालमापनाचा खुंटा झाला. अमुक लग्न पुराच्या आधीचे, तमुक घर पुरानंतरचे.

असे खुंटे लागण्याला कारण होते. संस्थानात कॅलेंडरच वेगळे चाले. सरकारी कागदांवर फसली साल आणि आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे फारसी महिने. साल साधारण ६ ऑक्टोबरला बदले. फसली सालात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. घरात शके आणि तिथी, शाळेच्या दाखल्यावर फसली, पुण्याच्या नातेवाइकांच्या पत्रात इंग्रजी तारीख. पैशांचेही तसेच: घरखर्च हाली शिक्क्यात, ब्रिटिश हद्दीत गेले की कलदार रुपया, आणि सात हाली म्हणजे सहा कलदार हा हिशेब. हाली १९५० च्या दशकात चलनातून गेला. त्यानंतर जन्मलेल्या मुलाला आजोबांचा पगार समजावून सांगायचा तर आधी हाली समजवावा लागे, आणि तो समजावताना एक नाहीसे झालेले राज्य समजवावे लागे. कोशात पाहून हा शब्द कळतो. गोष्टीत ऐकला तर तो वापरता येतो.

दुसरा सामाईक खुंटा पोलीस ॲक्शनचा. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याच्या या कारवाईने संस्थान संपले. त्याआधीचे वर्ष निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या दहशतीचे आणि स्टेट काँग्रेसच्या लढ्याचे. मराठवाड्यातली अनेक कुटुंबे गावे सोडून सरहद्दीपलीकडे गेली. राजधानीतल्या कुटुंबांनी बायकामुले नातेवाइकांकडे पाठवली. या काळाचे सांगणे पुराच्या सांगण्यासारखे सरळ नव्हते. कुणाच्या सुटकेच्या गोष्टी रंगवून सांगितल्या गेल्या, कुणाच्या घरात त्या वर्षावर कुणी बोलतच नसे. शेजारच्या मुसलमान कुटुंबाने लपवून ठेवल्याची हकीकत एका घरात असे, आणि पोलीस ॲक्शननंतर त्याच शेजाऱ्यांवर मराठवाड्यात काय गुदरले याची हकीकत बहुधा कुठेच नसे. मूल जे ऐकते त्यावरून त्याची स्मृती बनते, तशी जे ऐकायला मिळत नाही त्यावरूनही बनते. समाजशास्त्रज्ञ मोरिस हालब्वाक्स यांनी १९२५ मध्येच मांडले होते की माणूस आठवतो तो आपल्या गटाने दिलेल्या चौकटीत. हैदराबादच्या मराठी घरांची १९४८ ची चौकट अशीच अर्धी भरलेली, अर्धी कोरी होती.

या सांगण्याला दुसरी एक मर्यादा आहे. १९४८ साली दोन वर्षांचे असलेले मूल पुढे म्हातारपणी त्या काळातल्या एखाद्या रात्रीचे वर्णन डोळ्यांसमोर असल्यासारखे करते, तेव्हा ती त्याची आठवण असते की आईची? मुलांच्या विचारविकासाचा अभ्यास करणारे झाँ पियाजे यांनी स्वतःचेच उदाहरण दिले आहे. लहानपणी दाईने बाबागाडीतून फिरायला नेले असता आपल्याला पळवण्याचा प्रयत्न झाला, हे त्यांना स्पष्ट आठवत असे: माणसे, जागा, दाईच्या तोंडावरचे ओरखडे. ते पंधरा वर्षांचे असताना दाईने पत्र लिहून कळवले की ती गोष्ट तिने रचली होती. घरात ऐकलेल्या हकीकतीचे मुलाने चित्र केले आणि ते चित्र आठवण म्हणून राहिले. काचीगुड्याच्या घरांत ‘म्हणे’ जोपर्यंत जागच्या जागी होता तोपर्यंत ही गफलत थोडी आवरली जाई. दुसऱ्या पिढीत ‘म्हणे’ गळून पडतो आणि ऐकीव गोष्ट पाहिलेली होते. मौखिक इतिहास गोळा करणाऱ्याला नेमकी ही जागा शोधावी लागते.

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाली. काचीगुड्याच्या मराठी कुटुंबाचे घर एका राज्यात आणि गाव दुसऱ्या राज्यात, असे एका दिवसात घडले. ज्या शहराकडे मराठवाड्यातली मुले शिकायला येत, नरहर कुरुंदकरांसारखा कुरुंद्याचा मुलगा जिथे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे राहून शिकला, तिथे येण्याचे कारणच उरले नाही. मराठवाडा पुढे औरंगाबाद आणि मुंबईकडे पाहू लागला. हैदराबादेत राहिलेल्यांना मराठी टिकवण्यासाठी शाळा, ग्रंथालय, गणेशोत्सव होते. पण रोजचे काम पुन्हा घरावरच आले.

यात मीटरगेज गाडीचा वाटा मोठा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत काचीगुड्याहून मनमाडकडे जाणारी गाडी पकडायची आणि आजोळी जायचे, हा कित्येक वर्षांचा क्रम. सिकंदराबाद, बोलारम, कामारेड्डी, निजामाबाद. मग गोदावरीचा पूल, बासर, धर्माबाद, उमरी, मुदखेड, नांदेड, पूर्णा, परभणी. पुलावर गाडी आली की झोपलेल्या मुलांना उठवून हातात नाणे द्यायचे आणि ते गोदावरीत टाकायला लावायचे. बासरच्या सरस्वतीपाशी मुलांना पहिले अक्षर गिरवायला नेण्याची चाल तेलुगू घरांत तशी या भागातल्या मराठी घरांतही. धर्माबाद आले की फलाटावरचे बोलणे मराठी होई. स्टेशनांची ही माळ मुलांना पाठ असे, आणि प्रत्येक स्टेशनाला एक गोष्ट टांगलेली असे: इथे आत्याचा डबा चुकला होता, इथे आजोबा पाणी भरायला उतरले आणि गाडी सुटली. स्मरणाची जुनी युक्ती हीच आहे, की आठवायच्या गोष्टी वाटेवरच्या जागांना बांधून ठेवायच्या. काचीगुड्याच्या मुलांना वाट आयतीच मिळाली. एकदाचा प्रवास पुढचे वर्षभर बोलायला पुरे, आणि त्या बोलण्यात लहान मुलालाही सांगणाऱ्याची जागा मिळे, कारण या वेळी तेही तिथे होते.

१९९० च्या दशकात आणि पुढच्या दशकाच्या आरंभी हा मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. गाड्या जलद झाल्या, बऱ्याचशा सिकंदराबादहून सुटू लागल्या. त्याच सुमारास कुटुंबेही पांगली. काचीगुड्यातले जुने वाडे पाडून अपार्टमेंट झाली, अंगण आणि गच्ची सामाईक मालकीची झाली. मुले माधापूर, कुकटपल्ली, मग बंगळूर आणि परदेश अशी लांब गेली. शाळा इंग्रजी माध्यमाच्या. २०१८ मध्ये तेलंगणाने पहिली ते दहावी तेलुगू शिकवणे शाळांना कायद्याने बंधनकारक केले, आणि राज्याच्या भाषेच्या दृष्टीने ते रास्तही आहे. मराठीला वेळापत्रकात मिळेल ती जागा आणखी आक्रसली. नव्या घरांत मराठी उरली ती पुष्कळदा आज्ञार्थापुरती: ये, बस, खाऊन घे. अशा घरातल्या मुलाला मराठी कळते, आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते इंग्रजीत देते. काल काय झाले हे त्याला मराठीत सांगता येत नाही, कारण काल काय झाले हे त्याला मराठीत कुणी सांगितलेले नसते.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ ही १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली आठवण प्रकरणांत नव्हे, रात्रींत विभागलेली आहे. एकेका रात्री श्याम मित्रांना एकेक प्रसंग सांगतो. सांगण्याला ठरलेली वेळ असावी लागते हे त्या रचनेत गृहीतच आहे. पांगलेल्या कुटुंबांत ती वेळ आता व्हिडिओ कॉलची झाली आहे. काचीगुड्यात राहणाऱ्या आजी-आजोबांचा आणि दूर राहणाऱ्या नातवंडांचा आठवड्यातून एकदा, पंधरा-वीस मिनिटांचा. पुष्कळसा वेळ जेवलास का, शाळा कशी आहे यात जातो, आणि या प्रश्नांना एका शब्दाचे उत्तर पुरते. आठवण निघाली तर मात्र एक गोष्ट घडते जी अंगणात घडत नसे. अंगणात आजी हाताने दिशा दाखवून म्हणे, त्या तिथे टांगे उभे असायचे, आणि मुलाने मान वळवून पाहिले की काम होई. पडद्यावर ‘त्या तिथे’ चालत नाही. नातवाने काचीगुडा स्टेशन पाहिलेले नसते, टांगा पाहिलेला नसतो. आजीला घुमट सांगावा लागतो, फाटक सांगावे लागते, घोड्याच्या तोंडाला बांधलेली चंदीची पिशवी सांगावी लागते, आणि नातू विचारतो, चंदी म्हणजे काय.